घर अंगणात आलं तो रविवार

आमच्या घरात कामवाली बाई कधीच नव्हती. बाबा जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला होते. आजूबाजूच्या क्वार्टरांमध्ये जवळच्या खेड्यांतून बाया सकाळी कामाला यायच्या आणि दुपारी घोळक्यानं परत जायच्या. आमच्या फाटकाशी मात्र कुणी थांबत नसे. आई आंधळगावच्या विणकरांच्या घरातली. मागावर धागा तुटला तर तो कुणाच्या हातानं तुटला, हे आधी विचारणाऱ्या घरात ती वाढली होती. आपली भांडी दुसऱ्या कुणी घासायची, ही कल्पनाच तिला सहन होत नसे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी जाळे काढायला ती स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. बाबा ड्यूटीवर आणि मी बालवाडीत शिकवायला, त्यामुळे घर तसंच पडून राही. आई डाव्या हातानं खराटा धरायची आणि चार काड्या इकडच्या तिकडे करून रडकुंडीला यायची. शेवटी शेजारच्या काकूंनीच एक बाई पाठवली.

बाई पन्नाशीची होती, उंच, कपाळावर हिरवं गोंदण. आईनं तिला दारातच उभं करून विचारलं, "भांडी कशानं घासतेस वं?"

"हातानं," बाई म्हणाली.

मला हसू आवरेना. आईनं डोळे वटारले. मग बाईनं स्वतःची एकच अट सांगितली, "मी काम करून राहिली असली की मागं-मागं फिराचं नाई. मले घाबरल्यावानी होते."

आईनं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी मोडलं. बाई पोछा मारायला लागली की आई प्लास्टरचा हात छातीशी धरून तिच्या मागून चालायची. "कोपऱ्यात राहिलं. पलंगाखाली पाह्य." बाई बादली जरा जोरात आपटायची. तिच्या हाताला मात्र काही बोल लावता येत नव्हता. पाणी भरायचा पितळेचा गुंड तिनं असा घासला, की आई संध्याकाळी त्याच्यासमोर वेताचा मोडा घेऊन बसली आणि कुठं डाग दिसतो का ते शोधत राहिली. डाग सापडला नाही म्हणून तिला जेवण गेलं नाही, असं बाबा म्हणायचे.

अशात माझ्या स्थळाची गोष्ट निघाली. मध्यस्थ माझे मामा. मुलगा अड्याळजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, भंडाऱ्याला जिल्हा परिषदेत कारकून. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याच्या ऑफिसातले पुष्कळ लोक तिकडे गेले आणि हा भंडाऱ्यातच राहिला, याला मामा 'पोराचं नशीब' म्हणायचे. आम्ही कुणीच मुलाला पाहिलं नव्हतं. पाहुणे रविवारी चार वाजता येणार, मामा आंधळगावहून त्याआधी पोचणार, असं ठरलं.

आईचा जीव टांगणीला लागला. दिवाळीत जाळे निघालेच नव्हते. तिनं बाईला विचारलं, "रविवारी सारं घर झाडून-पुसून देशील का?"

"देतो ना. जावेलेही घेऊन येतो," बाई म्हणाली. "पण सामान बाहेर काढा लागन. सामान आत ठेवून घर झाडनं म्हंजे टोपी घालून डोक्शाले तेल लावनं."

आईला हे पटलं. तिच्याच मनातलं कुणीतरी बोललं होतं.

रविवारी बाबांना ओव्हरटाइम होता, ते सकाळच्या बसनं गेले. बाई आणि तिची जाऊ लुगडी खोचून कामाला लागल्या आणि बघता बघता आमचं घर अंगणात आलं. पेरूच्या झाडाखाली दिवाण, त्यावर गाद्यांची चळत. तुळशीपाशी लोखंडी ट्रंका. लोणच्याच्या बरण्या, तांदळाची कोठी, बाबांचा रेडिओ आणि पंखा, देव्हाऱ्यातले देव पाण्याच्या परातीत ठेवून एका खुर्चीवर. इतकं सामान आपल्याकडे आहे हे मला तेव्हा कळलं. आत दोघी भिंतींवरून झाडू फिरवत होत्या आणि आई दारात उभी राहून, बऱ्याच दिवसांनी, समाधानानं पाहत होती.

घरातलं दूध चहातच संपलं होतं म्हणून मी बाजारात गेले. दूध, बटाटे, पोहे, पेढे घेतले. दुकानात दोन मैत्रिणी भेटल्या, त्यांना कशासाठी पेढे ते सांगण्यात वेळ गेला. बाहेर आले तर ऊन गेलेलं. पाऊस नव्हता अजून, पण पश्चिमेकडून जांभळं आभाळ चढत होतं. नोव्हेंबरात असं आभाळ म्हणजे आगंतुकच. मी पाय उचलले.

फाटकातून शिरले तर अंगणात सामान तसंच. आत फरशीवर सोड्याचं पाणी पसरलेलं, मधोमध बादली, त्यात बुडालेला पोछा. आई पाण्याच्या कडेला उभी.

"बाया कुठं गेल्या?"

"मी न्हाणीत होती. बाहेरून म्हणाली, बाई, आमी येतो जी. मले वाटलं जेवाले जाऊन राहिल्या." आईचा आवाज चिरकला. "त्या आल्याच नाईत वं."

मी काकूंकडे धावले. त्यांनी पाहिलं होतं. बाईचा दीर सायकलवर आला, काहीतरी ओरडला, आणि दोघी पदर कमरेला बांधून त्याच्या मागं पळत गेल्या. काय झालं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

मी परत येऊन साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली, खराटा उचलला आणि पाणी बाहेर ढकलायला लागले. केसांत जाळे, चेहऱ्यावर सोड्याचे शिंतोडे. आई एका हातानं बरण्या उचलून ओट्यावर ठेवत होती आणि बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पहिले थेंब पडले तेव्हाच फाटकाशी जीप थांबली.

जीपमधून एक बाई उतरल्या, ठेंगण्या, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांच्यामागे चष्मा लावलेला एक उंच मुलगा. त्याच्या पांढऱ्या शर्टाची इस्त्री जीपमध्ये बसूनही मोडली नव्हती.

"मुलीचं घर हेच का जी?" बाईंनी विचारलं. "चार वाजता यायचं होतं, पण गावची जीप आताच इकडे येत होती. म्हटलं, बसून काय करता?"

आई बरणी हातात धरून तशीच उभी राहिली. मी खराट्यासकट. घरात पाहुण्यांना बसवायला कोरडी जागा नव्हती आणि खुर्चीवर देव बसले होते.

मला वाटलं आता आई रडणार. पण तिनं एकदम सगळं सांगून टाकलं. हात मोडला ते, बाई ठेवली ते, बाई पळून गेली ते. "या म्हणाची सोय नाई जी," ती म्हणाली. "घरच बाहेर आलं हाये."

त्या बाईंनी वर आभाळाकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमची बाई धानवाली हाये का? वावर हाये तिचं?"

"थोडीशी बांधी आहे म्हणत होती," मी म्हणाले.

"मंग कडपे पडले असन तिचे बांधीत. आभाय आलं की कापलेलं धान पहिले उचला लागते. आमचे काल उचलून झाले, म्हनून तं आज येता आलं." आणि त्यांनी पदर खोचला. मुलाकडे वळून म्हणाल्या, "पाह्यत काय राहिला? त्या गाद्या उचल ना, बापा!"

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि अख्खी चळत डोक्यावर घेतली. दारातून आत शिरताना चष्म्याशिवाय त्याला मी दिसलेच नाही. गादी मला लागली, मी सोड्याच्या पाण्यावर घसरले आणि सरळ खाली बसले. तो "सॉरी, सॉरी" म्हणत वाकला, तशा वरच्या दोन गाद्या माझ्या अंगावर आल्या. गाद्यांखालून मला आधी त्याच्या आईचं हसणं ऐकू आलं, मग माझ्या आईचं. प्लास्टर झाल्यापासून ती अशी हसली नव्हती. मग मीही हसायला लागले, आणि हसता हसता उठता येईना.

पुढचा वेळ कसा गेला कळलं नाही. पाऊस धड पडेना आणि थांबेना. तो ट्रंका उचलायचा, मी दुसरी कडी धरायची. त्याची आई आमच्या फरशीवर खराटा मारत होती, आणि माझी आई, सवयीप्रमाणे, त्यांच्या मागं-मागं. "कोपऱ्यात राहिलं जी," ती म्हणालीच! म्हणाल्यावर तिनं जीभ चावली. त्या म्हणाल्या, "दाखवा, कुठं राहिलं?" आणि खरंच कोपरा पुन्हा पुसून काढला. दोघींची तिथंच गट्टी जमली.

दिवाण दारातून आत जाईना. बाहेर निघाला होता म्हणजे आत जाईलच, असं मी म्हणत होते. तो आडवा, उभा, तिरपा करून पाहत होता. "तुमच्या बाईनं कसा काढला होता?" त्यानं विचारलं. माझ्याशी तो बोलला ते पहिलं सरळ वाक्य हेच.

"दोघी होत्या," मी म्हटलं. "आणि त्यांना चष्मा नव्हता."

तो खळखळून हसला. मग त्यानं चष्मा लावला, दिवाणाचा पाय जरा वर केला, आणि दिवाण आत गेला.

तेवढ्यात बाबा आले. दुपारच्या बसमधून उतरून, पिशवी डोक्यावर धरून ते फाटकात थांबले. अंगणातून एक अनोळखी माणूस त्यांचा टेबलफॅन घेऊन चालला होता, तर त्यांनी त्याला फार अदबीनं विचारलं, "काहो भाऊ, कोणत्या क्वार्टरची शिफ्टिंग सुरू आहे?"

"याचीच," तो म्हणाला. "तुम्ही शेजारचे का?"

"मी इथलाच," बाबा म्हणाले आणि घराचा नंबर पाहायला दोन पावलं मागं गेले. आई आतून ओरडली, "अहो, ते जावई आहेत!" मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. मी मान खाली घालून रेडिओ पुसत राहिले. पुसून पुसून त्याची बटणं फिरवली.

मामा चारच्या जरा आधी आले. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. पाहुणे यायच्या आधी आईला काय काय सांगायचं, मुलाच्या आईला काय विचारायचं, हे सगळं ते बसमध्ये पाठ करून आले होते. आत पाहतात तर मुलगा पाटावर बसून आलूपोह्यांची दुसरी बशी खातोय, त्याची आई ओट्याशी उभी राहून चहात आलं किसून घालतेय आणि मी ओल्या केसांनी बरण्या मांडतेय.

"कार्यक्रम सुरू केला का?" मामांनी विचारलं.

"झाला," मुलाची आई म्हणाली. "मुलगी पाह्यली. घरही पाह्यलं, आतून-बाहेरून." मग ती मुलाकडे वळली. "सांग रे."

तो उठून उभा राहिला. शर्टावर गाद्यांचा कापूस आणि चुन्याचे पट्टे. "मला पसंत आहे," तो म्हणाला. "त्यांना विचारा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर कसं द्यायचं तेही त्यांनी मला पोस्टकार्डावर कळवलं होतं. मी नुसती हो म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच म्हणाले असेन, कारण भिंतीपलीकडून काकूंनी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आली. पदरात तळ्यातले ताजे शिंगाडे. चेहरा थकलेला, पण हसरा. आईनं मोडा पुढं ओढला आणि तोंड घट्ट करून बसली.

"आमाले अंगणात टाकून गेली तू."

"बाई, तुमचं सामान ओलं झालं तं उन्हात वायते. माह्यं धान ओलं झालं तं त्याले कोंब येते."

"मंग सांगून जा लागते ना!"

"सांगतलं ना जी, न्हानीच्या दारातून!"

"मले वाटलं जेवाले जाऊन राहिली."

"जेवलो कुठं? कालपासून नुसते कडपेच उचलून राहिलो."

आई उठली. मग म्हणाली, "बस. आधी खाऊन घे." आणि डाव्या हातानं ताट वाढायला लागली. ते सांडायला लागलं तशी बाईनं ताट काढून घेतलं, स्वतःच वाढून घेतलं आणि जेवता जेवता पाहुण्यांचं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. गाद्यांपाशी आले तेव्हा तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "म्हंजे लगन म्याच जुळवलं!"

ती हे गमतीनं म्हणाली असं आम्हाला वाटलं. पण लग्न आमच्या क्वार्टरपुढच्या मांडवात लागलं तेव्हा ती जावेला घेऊन नव्या लुगड्यात आली, आणि मध्यस्थाला मान द्यायची वेळ झाली तशी मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मामांना उपरणं आणि श्रीफळ मिळणार होतं. त्यांनी तिच्याकडे तिरपं पाहिलं.

"हिचा काय संबंध?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

माझ्या सासूबाई जवळच होत्या. "तिनंच तं जुळवला," त्या म्हणाल्या, आणि पहिलं कुंकू त्यांनी बाईला लावलं. आईनं आतून घाईघाईनं एक साडी आणली. बाईनं ती उलगडून काठ पाहिला, आंधळगावची आहे का ते विचारलं, आणि मग जावेला हाताला धरून पंगतीकडे गेली. मामा बराच वेळ उपरणं खांद्यावर नीट करत राहिले, आणि पुढच्या पंगतीत तिच्याच शेजारी बसले.