आवाज न करता ठेवलेली थाळी

थाळ्या मोजायला सिंधुताईंना मान वळवावी लागत नसे. दुर्गजवळच्या मरोद्याच्या त्या सरकारी प्राथमिक शाळेत त्या अकरा वर्षं पोरांचं जेवण रांधत होत्या. शाळा सकाळची. साडेसातला भरायची, अकराला जेवण आणि साडेअकराला सुट्टी, कारण बारापासून त्याच खोल्यांत मोठ्यांची मिडल स्कूल बसे. जेवण झालं की पोरं रांगेनं किचन शेडच्या दाराशी येऊन आपापली स्टीलची थाळी टबात टाकत. सिंधुताई पाठमोऱ्या बसून भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, खरवडत आणि मागची खणखण मनात मोजत. पहिलीच्या वर्गाच्या बावीस.

दिवाळीपर्यंत पहिलीच्या थाळ्या मोठी पोरं आणून टाकत; सुट्टीनंतर ती पोरं स्वतः टाकायला लागली आणि हिशेब चुकायला लागला. कानाला एकवीस, टबात बावीस. तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी त्या रांगेकडे तोंड करून बसल्या.

पोरगी लहानखुरी होती, दोन वेण्यांची. समीक्षा नाव. ती टबापाशी वाकली, थाळीच्या काठाखाली करंगळी घातली, आधी करंगळी टेकवली, मग थाळी, आणि मग करंगळी हळूच काढून घेतली. थाळीवर थाळी बसली आणि जराही आवाज झाला नाही.

सिंधुताईंच्या हातातला पळा तसाच राहिला. ती करंगळी त्यांच्या ओळखीची होती.

त्यांचा नवरा केवलराम पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, तेहेतीस वर्षं होता. फर्स्ट, सेकंड, नाइट अशा फिरत्या पाळ्या. नाइटच्या आठवड्यात तो सकाळी सात वाजता घरी येऊन झोपायचा, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सिंधुताई दिवसभर चवड्यांवर चालायच्या. कुकरची शिट्टी वाजायच्या आत फडक्यानं उचलायची. कडी दोन्ही हातांनी लावायची. भांडं ठेवताना खाली करंगळी द्यायची. मुलगा निखिल लहान होता तेव्हा त्याला गोट्या खेळायला गोधडी अंथरून द्यायच्या. तो रडायला लागला की तोंडावर हात.

केवलराम रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. प्लांटच्या आवाजानं कान कामातून गेलेले, त्यामुळे टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. सिंधुताई अजूनही कपाट दोन्ही हातांनीच लावत.

"जोरानं बोल ना, निखिलची माय," तो वैतागायचा. "घरात कोण झोपून राहिलं आहे?"

निखिल हैदराबादला नोकरीला होता. कधीमधी फोन करायचा. इतका हळू बोलायचा की सिंधुताईंना वाटे, त्याच्या शेजारी कोणीतरी झोपलेलं असावं. दोन मिनिटांत "ठेवतो" म्हणायचा. त्यात त्याची काही चूक आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

समीक्षाची थाळी पाहिली त्याच दिवशी त्या शिल्पा मॅडमकडे गेल्या. शिल्पा मॅडम पहिलीच्या वर्गशिक्षिका. बाई चांगली होती. पोरांची नखं कापायची, तापलेल्या पोराला स्वतःच्या स्कूटीवर दवाखान्यात न्यायची. जूनपासून समीक्षा वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. मॅडमनी तिच्या कानामागे टाळी वाजवून पाहिली होती. ती लगेच वळली. म्हणजे ऐकू येत होतं. शेवटी मॅडमनी फॉर्म भरला होता: मुलीला बोलण्यात दोष. पुढच्या महिन्यात तपासणीचं पथक येणार होतं. त्यांनी शिक्का मारला की पोरीला इथून काढून दुर्गच्या निवासी शाळेत पाठवायचं, असं बडे गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, ठरवलं होतं. समीक्षाची आई येऊन तपासणीच्या फॉर्मवर सही करून गेली होती. तीही फारसं बोलली नव्हती.

"मॅडम, ते पोरगी बोलते," सिंधुताई म्हणाल्या.

"तुमच्याशी बोलली?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"थाळी ठेवते ना ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सिंधुताई, तिचं नुकसान होऊ नये म्हणूनच फॉर्म भरलाय मी. मला का हौस आहे तिला पाठवायची?"

"तुमच्या बाबांची ड्यूटी कोणती होती?"

"जनरल. सकाळी नऊ ते साडेपाच. ते ऑफिसर होते ना. का बरं?"

"मंग तुमाले नाही समजणार ते," सिंधुताई म्हणाल्या, आणि आपण फारच बोललो असं वाटून जरा थांबल्या. "उद्या सुट्टी झाली का माझ्यासंग चला. दहा मिनिटं. गाडी गल्लीच्या मोडावरच ठेवजा अन् हॉर्न नका वाजवू."

समीक्षाचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. बाप टिकाराम ठेकेदाराकडे कामाला होता, क्रेनच्या हुकात साखळ्या अडकवायच्या कामावर. दीड वर्षापासून त्याला नाइटच होती. आई शीला पडवीत कुकरपुढे बसली होती, हातात फडकं घेऊन. शिट्टी हलायला लागली की ती वर उचलायची, वाफ फुसकन जायची, पुन्हा ठेवायची. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती. समीक्षा भिंतीला टेकून पाटीवर बोटानं काहीतरी गिरवत होती. पेन्सिलनं नव्हे, पेन्सिल करकरते.

शीला दोघींना पाहून घाबरून उठली. हातानंच बसा म्हणाली. सिंधुताई टेकल्या. शिल्पा मॅडम उभ्याच राहिल्या आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं तोच त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला. गाण्याची रिंगटोन होती, मोठी.

समीक्षा टुणकन उठली. मॅडमच्या साडीचा पदर ओढून, अगदी कानाशी येण्यासाठी टाचा उंचावून ती म्हणाली, "मॅडम, बाबा झोपून राहिले. बटन दाबा ना, ते बाजूचं."

मॅडमनी बटण दाबलं. मग त्या खालीच बसल्या, फरशीवर.

तोवर आत टिकारामला जाग आली होती. तो दारात आला, डोळे लाल, बनियन उलटी. "काय झालं? काही केलं का हिनं?"

"नाही हो. ती शाळेत बोलत नाही," मॅडम म्हणाल्या.

टिकाराम हसला. त्याला ती तक्रार वाटलीच नाही. "माही पोरगी लय शांत आहे, मॅडम. मोहल्ल्यातले नाव घेतात तिचं."

"इथं बोलते, शाळेत नाही. सहा महिने झाले. एक शब्दसुद्धा नाही."

"एकबी नाही?" त्यानं बायकोकडे पाहिलं. शीला खाली मान घालून पुटपुटली, "झोप नाही झाली तर यांचा हात चुकते, काकी. साखळीचं काम आहे. म्हणून मी तिले सांगतलं, आवाज नाही करायचा."

"पण शाळेत बी नाही करायचा असं कोण म्हटलं?" टिकाराम म्हणाला.

"अन् शाळेत करायचा असं तरी कोण म्हटलं?" सिंधुताई म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांची पोरगी. तिले काय माहीत, कुठं मनाई आहे अन् कुठं सूट."

टिकारामनं बनियन काढून सुलटी केली आणि पुन्हा घातली. समीक्षा त्याच्याकडे पाहत होती, आपण बाबांना उठवलं की काय, अशा तोंडानं.

परतताना मोडावर शिल्पा मॅडम म्हणाल्या, "मी तिच्या आईला विचारलं होतं, घरी बोलते का. ती म्हणाली, हळूच बोलते. मला वाटलं, ती लपवतेय."

"तुमाले कसं ठाऊक असणार," सिंधुताई म्हणाल्या. "आमालेबी नवरा रिटायर होईपर्यंत काही वाटलं नाही त्याचं."

फॉर्म मात्र बडे गुरुजींच्या कपाटात होता आणि पथक येणार होतं. पथकापुढे पोरगी बोलली नाही तर घरी बोलते या म्हणण्याला काही अर्थ नव्हता. सिंधुताईंनीच उपाय सुचवला. थाळ्या आणि गंज घासायला त्यांना दोन-अडीच तास लागत. सुट्टीनंतर पोरीला त्यांच्यापाशी शेडमध्ये बसू द्यावं. तिथं कोणी झोपलेलं नसतं.

बडे गुरुजी छत्तीसगढी माणूस, सरळ पण भित्रा. "एक लडकी के लिए? कल को कुछ हो गया तो जवाब कौन देगा?"

"एक नहीं है सर," शिल्पा मॅडम म्हणाल्या. शनिवारच्या पालकसभेत त्यांनी विचारलं, कोणाच्या घरी दिवसा माणूस झोपतो? आधी कोणी हात वर केला नाही. मग एक बाई हसली, दुसरीनं तिला कोपर मारलं, आणि हळूहळू नऊ हात वर आले. मॅडमनी कोऱ्या कागदावर नऊ घरांच्या पाळ्या लिहिल्या आणि तो कागद शेडच्या भिंतीला चिकटवला. ज्या आठवड्यात ज्याच्या घरी नाइट, त्या आठवड्यात ते पोर तीनपर्यंत शेडमध्ये. आया पाळीपाळीनं येऊन बसणार. मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडम स्वतः. बडे गुरुजींनी कागदाखाली सही केली, पण तारीख घातली नाही.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. बाकीच्या पोरांनी शेड डोक्यावर घेतली आणि समीक्षा कोपऱ्यात बसून राहिली. घासलेल्या थाळ्या मात्र तीच रचायची, करंगळी घालून. सिंधुताईंनी तिला बोल म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी थाळ्यांचा ढीग उचलून ओट्यावर ठेवताना सिंधुताईंचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांचीही करंगळी खाली होती. शेडमध्ये, एवढा गोंधळ घालणाऱ्या पोरांमध्ये. इतकी वर्षं त्या पोरांच्या थाळ्या कानांनी मोजत आल्या होत्या आणि स्वतः एकदाही वाजवली नव्हती.

त्यांनी ढीग परत उचलला आणि सोडून दिला.

दणका असा झाला की पोरं गप्प झाली. सिंधुताईंची नजर आपोआप दाराकडे गेली. समीक्षाचीही गेली. दोघी दाराकडे बघत राहिल्या. दारात कोणी आलं नाही. बाहेर एक कुत्रं होतं, ते कान हलवून पुन्हा पडलं.

समीक्षानं एक थाळी उचलली. खालून करंगळी काढली. सोडली. मग दुसरी.

"अजून एक," सिंधुताई म्हणाल्या.

"मी दहा पाडू?" समीक्षा म्हणाली. आवाज घोगरा होता, खूप दिवस न उघडलेल्या पेटीसारखा. पण पलीकडच्या पोरालाही ऐकू गेला, कारण ते लगेच म्हणालं, "मैं बीस गिराऊँगा."

पथक आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. समीक्षानं आधी शिल्पा मॅडमकडे पाहिलं आणि विचारलं, "यहाँ कोई सोया है?" डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मॅडम म्हणाल्या, "कोई नहीं." मग समीक्षानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि न विचारता सिंधुताईंचंही सांगितलं. बडे गुरुजींनी फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि या वेळी तारीखसुद्धा घातली.

आता तीन वाजता शीला पोरीला घ्यायला येते तेव्हा तिच्या गालावर चटईचे वळ असतात. दीड वर्षानं शीला दिवसा झोपायला लागली आहे. टिकाराम एकदा स्वतः आला. दाराबाहेर उभा राहून आतला आवाज ऐकत राहिला आणि सिंधुताईंना म्हणाला, "एवढा गळा हिच्यापाशी होता काय, काकी?"

परवा दोन वाजता मिडल स्कूलचे सर तावातावानं शेडपाशी आले. "ये कौन चिल्ला रहा है? उधर मेरी परीक्षा चल रही है."

सिंधुताईंनी बोटानं समीक्षाकडे दाखवलं. ती उलट्या गंजावर पळा बडवत इतरांना रांग लावत होती. सरांना माफ करा म्हणताना सिंधुताईंना तोंडावरचं हसू लपवता आलं नाही. तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. निखिल होता.

"आई, कुठं आहेस तू? काय गोंधळ आहे हा? मला काही ऐकू येत नाही."

"मलेबी नाही येत तुझं," सिंधुताई म्हणाल्या. त्या बाहेर जाऊ शकल्या असत्या. गेल्या नाहीत. "जोरानं बोल."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग निखिल मोठ्यानं बोलायला लागला.