खुर्चीवरचा फेटा

आमच्या पेठेत माणसाला गप्प करायचं असेल तर आधी दमदाटी होते. ती सगळीकडेच होते. तेवढ्यानं भागलं नाही की सत्कार होतो. शाल, नारळ, फेटा, टाळ्या. त्यानंतर त्या माणसानं तोंड उघडलं तर लोक म्हणतात, एवढा मान दिला, आता आणखी काय पाहिजे याला?

माझ्या भावाचा असा सत्कार तीनदा झाला. तिसरा झाला तो त्याच्या नव्या क्लबच्या पहिल्या मॅचच्या दिवशी, भर मैदानात.

आधीचं सरळ सांगते. दादा पेठेच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट आऊट होता, डाव्या कडेनं पळणारा. कोल्हापुरात टीम तालमीची असते आणि तालीम पेठेची. कुठल्या पेठेचा हे विचारल्याशिवाय इथं कुणी खेळाडूला ओळखतसुद्धा नाही. शेजारच्या पेठेबरोबरची एक मॅच आम्ही हरलो आणि गेटबाहेर दोन्हीकडचे समर्थक भिडले. दादा किट खांद्याला लावून बाहेर येत होता. दगड आला. डावा डोळा गेला.

दगड पलीकडच्या पेठेनं मारला, असं त्याच संध्याकाळी ठरलं. ठरलं म्हणते, कारण मी पाहिला असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. ‘दगड कोणाचा?’ एवढंच वर लिहून मी एक पत्रक काढलं आणि दोन्ही पेठांत वाटलं. पलीकडच्या पेठेत ते फाडलं. आमच्या पेठेत ते घडी घालून खिशात ठेवलं आणि कुणी काही बोललं नाही. मला फाडणारे परवडले.

तालीम मंडळाच्या अध्यक्षांना सगळी पेठ आबा म्हणते. त्यांनी माझ्या आईला रस्त्यात थांबवून सांगितलं, "पोरीला जरा समजवा वहिनी. पोराचा मान आम्ही राखतोय की."

आणि राखला. गणपतीत पहिला सत्कार, शिवजयंतीला दुसरा. टीममध्ये मात्र घेतलं नाही. दादा प्रॅक्टिसला गेला की पोरं खेळायची थांबायची आणि कुणीतरी पळत जाऊन खुर्ची आणायचं. पंचविशीही न गाठलेल्या खेळाडूला खुर्ची. तो चार-सहा वेळा जाऊन बसला. मग जायचाच बंद झाला.

नवा क्लब काढला तो शाळेतून निवृत्त झालेल्या एका पीटीच्या सरांनी. कुठल्याच पेठेचा नाही. त्यात टीममधून गळलेले होते, भांडून बाहेर पडलेले होते, ज्यांना सांगायला पेठच नाही असे उपनगरातले होते, आणि चक्क पलीकडच्या पेठेतलेही काहीजण होते. सकाळी नदीकडच्या मैदानावर प्रॅक्टिस चालायची. म्हशी धुवायला नेणारे लोक थांबून विचारायचे, "तालीम कुठली रं?"

"न्हाय तालीम."

"तालीम न्हाय? मग नारळ कुठं फोडणार?"

हा टोमणा नव्हता, खरी काळजी होती. मॅचच्या आधी टीमनं तालमीत जायचं, मारुतीला नारळ फोडायचा आणि कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती कपाळाला लावून मैदानात उतरायचं, ही इथली रीत. ज्यांना तालीम नाही त्यांनी कुठली माती लावायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. सरांनाही नाही.

सरांनी दादाला पहिल्या दिवशी विचारलं, "कुठं खेळणार?"

"लेफ्टलाच."

"डावा डोळा न्हाय तुला."

"डाव्या अंगाला नुसती लाईन असती, सर. सगळं मैदान उजवीकडं. लाईन बघायला डोळा कशाला पायजे?"

सर हसले नाहीत. महिनाभर पळवलं त्याला. वरून आलेला बॉल त्याच्या अंदाजात येत नव्हता. एकदा तर हेड मारायला गेला आणि बॉल कानफटात बसला. पलीकडच्या पेठेतला एकजण ओरडला, "आरं आंधळ्या, बॉल हाय त्यो, कानातला डूल न्हाय." सगळे लोळून हसले. मला हे दादानं घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी तसा पाहिला. आबांच्या पोरांनी त्याला दोन वर्षांत एकदाही शिवी दिली नव्हती. सरांनी त्याला अकरा नंबरचा शर्ट दिला, आणि सगळ्यांना बजावलं, ह्याला पास जमिनीवरून द्यायचा.

पहिला मैत्रीपूर्ण सामना आमच्याच पेठेच्या टीमबरोबर ठरला. आबा लगेच हो म्हणाले. मैदान आमचं, पंच आमचा, व्यवस्था आमची, तुम्ही फक्त या. आबा इतक्या पटकन हो म्हणतात तेव्हा मला भीती वाटते. तसं मी बोललेही. दादा म्हणाला, "तुला सगळ्यात पत्रकच दिसतंय. मॅच हाय ती."

रविवारी सकाळी आई आमच्याबरोबर आली. डोळा गेल्यापासून तिनं मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. जोतिबाला बोलून आली होती, पोरगं खेळून धड घरी येऊ दे म्हणून. मैदानाच्या दारातच ती थांबली. समोर मोठा डिजिटल बोर्ड होता. त्यावर दादाचा जुना फोटो, दोन्ही डोळे शाबूत असलेला. वर सोनेरी अक्षरांत ‘पेठेची शान’. खाली मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे, हात जोडलेले.

"असा बोर्ड मेल्यावर लावत्यात," आई म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन आत गेली.

आत मांडव, खुर्च्या, माईक. आमच्या क्लबनं नारळ शेवटी गोलपोस्टच्या बुडाशी फोडला आणि तिथलीच माती कपाळाला लावली. साधी मैदानाची माती, घामानं लगेच ओघळली. तेवढ्यात माईकवरून दादाला बोलावणं आलं. तो शर्ट घालून, बूट बांधून तयार होता. तसाच मांडवात गेला.

आबांनी भाषण केलं. "ह्या पोरानं पेठंसाठी डोळा दिला."

दिला. मी पहिल्या ओळीत बसले होते, माझे कान तापले. डोळा कुणी देतं का? वर्गणी आहे का ती? फोडलेल्या डोळ्याला दिलेला डोळा म्हटलं की फोडणाऱ्याचं नाव घ्यायचं कारणच उरत नाही. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला, आणि आबांनी स्वतःच्या हातानं, एकेक पीळ बसवत, दादाच्या डोक्याला फेटा बांधला.

"आता एक किक मारायची, फोटो काढायचा, आणि हितं माझ्याशेजारी बसायचं. आज तू पावणा."

सर पुढं झाले. "आबा, तो अकरात हाय."

"असंल की. फेटा बांधल्यावर कुणी धावतंय व्हय मास्तर?"

सर मागं सरले. ज्या माणसानं सगळ्या पेठांचा राग ओढवून घेऊन क्लब काढला, तो एका फेट्यापुढं गप्प झाला. मी त्यांना दोष देत नाही. वडीलधाऱ्यानं बांधलेला फेटा त्याच्यासमोर उतरवायचा नाही, हे इथं कुणी शिकवावं लागत नाही. गावात कुणाचं डोकं फोडलं तर मिटवता येतं, कुणाचा मान मोडला तर पिढ्या जातात. मी उठले तर आईनं माझं मनगट धरलं. तिकडं दादानं एक किक मारली, फोटो निघाला, आणि तो जाऊन खुर्चीवर बसला. पायात स्टडचे बूट, डोक्यावर फेटा.

पहिला हाफ त्याच्याशिवाय झाला. आम्ही दोन गोल खाल्ले. पेठेचा राईट बॅक म्हणजे दादाचा जुना जोडीदार. एका प्लेटमधली मिसळ वाटून खाणारे हे दोघे. त्याला त्या दिवशी काम नव्हतं, कारण आमच्या लेफ्टला कुणी नीट खेळतच नव्हतं. तो सारखा मांडवाकडं बघत होता.

हाफ टाईमला चहा आला. दादा उठला. त्यानं दोन्ही हातांनी फेटा डोक्यावरून अलगद उचलला, भरलेली घागर उतरवावी तसा, एकही पीळ न मोडता. खुर्चीवर शाल अंथरली, त्यावर नारळ ठेवला, त्याच्या शेजारी फेटा.

"आबा, मान हितंच बसलाय. त्याला चहा सांगा. मी खेळून येतो."

आबांचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. "आरं, लागलं बिगलं तर?"

"लागलं तर लागलं. मॅच हाय न्हवं?"

माईकवाल्याला काय बोलावं कळेना, म्हणून जे बोलायची सवय होती तेच तो बोलला, "बदली खेळाडू, नंबर अकरा."

दादाला पहिला पास मिळाला आणि मैदानभर टाळ्या झाल्या. दुसरा मिळाला, परत टाळ्या. पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाला वाजवतात तशा. आणि अंगावर कुणी येईना. राईट बॅक समोर यायचा आणि मागं मागं सरकायचा. दादा सरळ आत घुसला, बॉल मध्ये टाकला, आमच्या पोरानं गोल केला. पेठेचे लोक उभे राहून ओरडले, स्वतःच्या टीमवर गोल झाला तरी. आमच्यातल्या एकानंही हात वर केला नाही. दादाला आंधळ्या म्हणणारा तो पोरगा थुंकला आणि म्हणाला, "असला गोल धरायचा न्हाय आपण."

पुढच्या वेळी दादानं बॉल पायाखाली दाबला आणि लाईनजवळ उभाच राहिला. आम्ही बसलो होतो तिथून सगळं ऐकू येत होतं.

"काय लगा, मला बघून पळतोयस व्हय?"

राईट बॅक खाली बघत म्हणाला, "आबांनी सांगितलंय. अंगावर जायचं न्हाय."

"आबा खेळाय लागल्यात व्हय बॅकला? तू ये की."

"नगं लगा."

"ये म्हणतोय न्हवं. का मी मेलोय?"

आणि तो आला. दादानं त्याला आतून चुकवायला बघितलं, पण त्यानं अंग टाकलं, बॉल लाईनीबाहेर गेला आणि त्याबरोबर दादाचा पायही गेला. दादा लाईनीवर आडवा पडला, शर्टावर फक्कीचा पांढरा पट्टा उठला. आई उभी राहिली. पंचानं घाईनं शिट्टी मारली आणि राईट बॅकला कार्ड दाखवायला खिशात हात घातला.

दादा पडल्या पडल्या म्हणाला, "फाऊल कसला? बॉल त्यानंच काढलाय. थ्रो आमचा."

पंच मांडवाकडं बघायला लागला.

"तिकडं काय बघताय? थ्रो द्या की."

थ्रो मिळाला. दादानं लंगडत येऊन तो टाकला. त्यानंतर टाळ्या थांबल्या आणि शिव्या सुरू झाल्या, दोन्हीकडून, नेहमीसारख्या. आई खाली बसली. आम्ही तीन-एकनं हरलो. दादाला आणखी दोनदा पाडलं, एकदा त्यानंही पाडलं.

मॅच संपल्यावर दादा लाईनीजवळ बसला होता, नडगी टम्म सुजलेली. आई त्याच्याजवळ उभी होती, मी बाटलीतलं पाणी ओतत होते. राईट बॅक येऊन शेजारी बसला आणि एक बूट काढून दुसऱ्याची नाडी सोडता सोडता थांबला.

"त्यो दगड आपल्याच बाजूनं आलता," तो म्हणाला.

दोन वर्षं ज्यासाठी मी दारोदार फिरले, ते वाक्य तो बुटाची नाडी सोडताना बोलला.

दादा म्हणाला, "म्हाईत हाय. माझ्या डावीकडं आपलीच पोरं हुती."

"मग बोलला न्हाईस ते?"

"कुणाला सांगू? मला बघितलं की तुम्ही खुर्ची आणाय पळत हुता."

मी राईट बॅकला विचारलं, "आबांना म्हाईत हाय?"

"त्यांनीच सांगितलं, बोलायचं न्हाय. पेठेचं नाव जाईल म्हणाले."

मांडवात खुर्च्या गोळा करणं चाललं होतं. एकावर एक रचून त्या टेंपोत चढत होत्या. फक्त ती एक खुर्ची मध्ये तशीच उभी होती. फेटा असलेल्या खुर्चीला हात कसा लावायचा, हे टेंपोवाल्या पोरांना कळत नव्हतं. आबा तिच्याजवळ उभे होते.

राईट बॅक उठला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, तसाच मैदान ओलांडून मांडवाकडं चालत गेला. आम्ही तिघं बघत राहिलो. तो काय बोलला ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. आबांनी आधी हात झटकला, मग परत झटकला. तो बोलतच राहिला. मग आबांनी खुर्चीवरचा नारळ खाली ठेवला, फेटा उचलला, आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून तो मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसले.