सात-दोनचा रस्ता

खोटं कशाला बोलू, स्वाती मॅडम गेल्याची बातमीसुद्धा मी आधी खरी मानली नाही. सकाळी कंपनीच्या ग्रुपवर फोटो आला, फोटोला हार, खाली जोडलेले हात. मला वाटलं, कोणीतरी भलत्याचाच फोटो टाकला. आजकाल जित्या माणसाला मारायला लोकांना एक बोट पुरते. मी गेटवरच्या गार्डला फोन लावला. मग ज्यानं फोटो टाकला त्याला लावला. दोघांनी तेच सांगितलं, की काविळीनं गेल्या, आठवडाभर दवाखान्यात होत्या, काल सगळं उरकलंही... तेव्हा कुठे मी खाटेवर बसलो. बायको म्हणाली, "तुमाले तं मेल्या माणसावरही भरोसा नाही." तिचं बरोबरच होतं. आज दीड महिना झाला त्याला.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बेअरिंग, पट्टे, सील असे यंत्रांचे सुटे भाग मागणाऱ्याला द्यायचे आणि कॉम्प्युटरमध्ये लिहायचे, एवढंच काम. पण या खुर्चीवर भोळ्या माणसाचं जमत नाही. संध्याकाळपर्यंत अर्धे पाने-पकडी गायब होतात. त्यामुळे संशय माझ्या अंगातच मुरला आहे. काही वर्षांपूर्वी मॅनेजर साहेबांनी स्वाती मॅडमना आणून उभं केलं आणि म्हणाले, या आपल्या सॉफ्टवेअरचा मेनू नव्यानं मांडून देणार, तेव्हाच माझं डोकं चाललं. वीस वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर, काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाही, नुसते आकडे दाबत पुढे जायचं. त्यातल्या सगळ्या वाटा एकट्या लांजेवारला, म्हणजे मला, माहीत. आणि आता ही बाई माझ्यामागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी कोणता आकडा दाबतो ते वहीत लिहिणार. मी मनात म्हटलं, लांजेवार, हे मेनूचं निमित्त आहे, ही बाई तुझ्यासाठी आली आहे.

भीतीला कारण होतं, ते आज पहिल्यांदा उघड सांगतो. एक साधं बेअरिंग द्यायचं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा पडदे ओलांडावे लागत. विभाग, पाळी, मशीन, मागणीचा नंबर, साहेबाचं नाव... आणि दहाव्या पडद्यावर एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. इकडे मशीन बंद पडलेलं, खिडकीत फिटर येऊन बोंबलत उभा. त्यावर मी एक उपाय काढला होता. सात दाबायचा, मग दोन, मालाचा नंबर टाकायचा, झालं. सात-दोन म्हणजे भंगाराचं खातं! चांगला कोरा माल मी कागदोपत्री भंगारात टाकत होतो आणि खिडकीतून फिटरच्या हातात देत होतो. कोणाला काय दिलं त्याची चिठ्ठी खिशात. शनिवारी दुपारी दार लावून बसायचं, एकेक वस्तू भंगारातून परत आणायची आणि अकरा पडद्यांच्या सरळ रस्त्यानं पुन्हा खर्ची टाकायची. वर्षानुवर्षं हे चाललं, एक नटही कधी कमी भरला नाही. पण मधल्या वारी कोणी तपासलं असतं तर सरळ दिसलं असतं की लांजेवार नवा माल भंगारात काढून विकून राहिला. चोर म्हणून निघालो असतो. पोरीचं लग्न ठरायचं होतं तेव्हा.

म्हणून पहिले दोन दिवस मी मॅडमसमोर शहाण्यासारखा अकराच्या अकरा पडदे चाललो, तिनं काही विचारलं तर नुसतं 'हूं' करायचो. बाहेर फिटर वैतागला, "भाऊ, आज काहून एवढा टाइम लावून राहिले?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण मॅडमनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतंच. तिसऱ्या दिवशी मशीनची मोठी लाइन बंद पडली, आरडाओरडा झाला आणि माझं बोट आपोआप गेलं, सात, दोन. मागे पेनाची कुरकुर थांबली. बाईनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती, पण न विचारणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यात तिची ती वही. जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन बाहेर कडुलिंबाखाली जायची आणि वही माझ्या टेबलावर उघडी ठेवून जायची, मध्ये पेनसुद्धा. एवढं लिहिणारी बाई वही उघडी विसरते? रोज? मी काय दुधखुळा आहे? हे जाळं आहे, मी पान वाचलं की ही म्हणणार, माझे कागद काहून पाहिले. मी हातही लावत नव्हतो. लोखंडी पट्टीनं ढकलून वही बंद करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडी... मी पुन्हा बंद.

शेवटी मी जे केलं त्याची लाज वाटते. साहेबांकडे जाऊन कानात सांगितलं की मॅडम आपल्या मालाची यादी वहीत उतरवून बाहेर नेऊन राहिली. त्याच संध्याकाळी गेटवर तिची बॅग टेबलावर ओतली. डबा, छत्री, औषधाची पट्टी, रुमाल, वही. मी गाड्यांच्या स्टँडवर हेल्मेट घालून उभा राहून पाहत होतो. गार्ड पानं उलटायला लागला तेव्हा कुठे मला सुचलं की त्या वहीत माझं सात-दोनही असणार. पण त्याला मालाची यादीच शोधायला सांगितली होती, ती त्याला दिसली नाही, त्यानं वही परत दिली. मॅडमनी एकेक वस्तू पुन्हा बॅगेत भरली. चार माणसांदेखत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, "नमस्कार भाऊ" म्हणाली, स्टुलावर बसली. दुपारी वही उघडी. मी पट्टीनं बंद केली.

महिनाभरानं साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मॅडम नव्या मेनूची चित्रं दाखवत होती, तेवढ्यात साहेबांनी एक कागद पुढे केला आणि मला विचारलं, नवे बेअरिंग भंगारात कसे? कोणीतरी मागच्या आठवड्यात मधल्याच वारी यादी काढली होती. मी खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, शनिवारची यादी काढून पाहा. सगळा माल परत आलेला दिसेल. चोर कधी परत आणून ठेवते का? तुमचा सरळ रस्ता लांब आहे, म्हणून भाऊ जवळच्यानं गेले. त्यांच्या जागी मी असती तं मीही गेली असती." शनिवारची यादी निघाली. नटही कमी नव्हता. मग तिनं पहिलं चित्र पुन्हा समोर धरलं. सगळ्यात वर एकच मोठं बटन, 'लाइन बंद, माल द्या'. दोन पडद्यांत काम. बाकीचे नऊ नंतर सावकाश भरा.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला पाहिजे होते. मी काय विचारलं? "माझ्यासाठी काहून बोलल्या? काय पाहिजे तुमाले?" ती हसली. म्हणाली, "भाऊ, तुमी वही वाचतच नाही." मला वाटलं, गेटवर वही तपासायला लावली त्यावरून टोमणा मारते. काम संपवून ती गेली, त्यानंतर दर दिवाळीला फोन यायचा, नव्या मेनूत काही अडते का म्हणून. मी "नाही" म्हणायचो आणि ठेवायचो. फुकट कोण फोन करते, असं मनात...

मागच्या आठवड्यात तिचा भाऊ इंदोऱ्याहून स्टोअरच्या खिडकीत येऊन उभा राहिला. हातात तीच वही. ताईच्या सामानात सापडली, वर तुमचं नाव आहे म्हणून आणली, म्हणाला. याला काय पाहिजे असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हाही आला, काय सांगू. तो पाणी प्यायला आणि गेला. वही दोन दिवस खणात पडली होती. तिसऱ्या दिवशी सुट्टीत उघडली.

डाव्या पानावर मी दाबलेले आकडे. उजव्या पानावर मला विचारलेला प्रश्न आणि खाली उत्तरासाठी आखलेल्या रिकाम्या ओळी. प्रत्येक पानावर. मी तोंडानं बोलत नव्हतो म्हणून ती लिहून विचारत होती. "भाऊ, इथे चुकलं की पहिल्यापासून यावं लागते का?" "भाऊ, कोणता पडदा कधीच कामात येत नाही?" तिसऱ्या दिवसाचं पान: "भाऊ, मी जुन्या नोंदी पाहिल्या. सात-दोन आणि शनिवारचं मी कोणाला सांगत नाही. वहीतही नको असेल तर हे पान फाडून टाका." पान तसंच होतं. मी फाडलं कुठे, मी पाहिलंच कुठे! आणि गेटवरच्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशीचं: "भाऊ, बॅग तपासायला तुम्ही सांगितलं का? असेल तर हो लिहा, मी रागावणार नाही. नाहीतर मला इथल्या प्रत्येकावर संशय घेत बसावं लागेल." खाली दोन ओळी रिकाम्या.

म्हणजे ती इथून जाईपर्यंत सगळ्यांकडे तशीच पाहत राहिली असेल, गार्डकडे, फिटरकडे, साहेबांकडे. जे मी जन्मभर केलं ते तिच्या गळ्यात बांधलं मी. टेबलावर डोकं ठेवून रडलो, लपवायचं काय त्यात.

गेले काही दिवस सुट्टीत एकेक पान भरून राहिलो आहे. हो, पहिल्यापासून यावं लागत होतं. तिसरा आणि आठवा पडदा कामाचा नव्हता. काल त्या गेटच्या पानावर आलो. रिकाम्या ओळीवर लिहिलं, "हाव मॅडम, मीच सांगितलं." खिडकीवर फिटर आला, मी वरचं मोठं बटन दाबून त्याला माल दिला. मग डबा घेऊन कडुलिंबाखाली गेलो. वही टेबलावर त्याच पानावर उघडी ठेवली होती, मध्ये पेन. आजही तशीच ठेवून आलो आहे.