वंदनाताई कार्ड वाचायची

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेकॉर्ड रूममध्ये आमच्या डॉक्टर मॅडमची नक्कल करून राहिली होती. फोन ताईच्या पुतण्याचा, तिच्या गावावरून, आंबागडवरून. सकाळी चहा पिऊन अंगणात बसली अन् बसल्याजागीच गेली म्हणे. मी फोन ठेवला अन् सगळ्यांले सांगितलं, तं नर्सबाई हसल्या. "आता हा कोणाचा आवाज काढून राहिली?" माझी इज्जतच तेवढी... मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी मले खुर्चीत बसवलं.

त्याले आता काही आठवडे झाले. आता हसून सांगता येते, म्हणून लिहून राहिली.

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ताई मेडिकल कोडिंग करायची, अन् मी तुमसरच्या कॉलेजातून निघून तिच्या हाताखाली लागली. घरी कोणालेच हे काम समजत नव्हतं. आई शेजारणीले सांगे, "कम्प्युटरवर बिमाऱ्या मोजते." खरं म्हणजे प्रत्येक बिमारीले अन् प्रत्येक ऑपरेशनले एक कोड असते. डॉक्टरनं फायलीत जे लिहिलं ते वाचून तो कोड टाकायचा. ताईचा सगळा जीव गर्भपिशवीच्या गाठींवर. म्हणजे फायब्रॉइड; कॅन्सर नाही, साधी गाठ. आमच्याकडच्या बाया त्याले 'गोया' म्हणतात. गोया पिशवीच्या आतल्या बाजूनं आहे, भिंतीत आहे की बाहेरून, तसा त्याचा कोड वेगळा. मी नवी असताना एका फायलीत नुसतंच 'फायब्रॉइड' होतं. मी 'जागा सांगितली नाही'वाला कोड टाकून मोकळी.

"तुह्या घरचा पत्ता विचारला तं 'तुमसरात कुठंतरी' असं सांगतेस का?" ताईनं विचारलं.

"रेल्वे फाटकाजवळ सांगते."

"मंग जा. मॅडमले फाटक विचारून ये."

गेली. मॅडम पुण्याकडच्या. "भिंतीत आहे बघा हं, भिंतीत," त्या म्हणाल्या, अन् मले नकलेपुरता आवाज भेटला. त्या दिवसापासून मी 'बघा हं' करून सगळा स्टाफ हसवायची. ताई हसायची नाही, पण दार लोटून घ्यायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

ताईची आणखी एक तऱ्हा होती, जी दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात मी पाहिली नाही. सुट्टी होणाऱ्या बाईले अन् तिच्या घरच्यांले ती आमच्या खोलीत बसवायची अन् डिस्चार्ज कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायची. इंग्रजीतलं सगळं आपल्या बोलीत. कोडिंगवालीचं हे काम नाही, कोणी सांगितलंही नव्हतं.

एकदा ताई नात्यातल्या लग्नासाठी रजेवर होती, अन् त्याच दिवशी एकोडी गावच्या रंजनाची दवाखान्यातून सुट्टी झाली. लग्नाले दोन वर्षं झालेली पोरगी, लेकरू पाहिजे, म्हणून मॅडमनं पिशवी ठेवून नुसता गोया काढला होता. पण तिचं कार्ड कोणीतरी जुन्या पेशंटच्या कार्डात नाव बदलून काढलं, अन् आधीच्या बाईचं 'हिस्टरेक्टॉमी' तसंच राहून गेलं. म्हणजे पिशवी काढली. गावातल्या मेडिकलवाल्यानं ते वाचलं अन् जे लिहिलं तेच सांगितलं, त्याची काय चूक.

ताई कामावर परतली तेव्हा रंजनाची सासू पारबताबाई कार्ड घेऊन आमच्या खोलीच्या खिडकीशी आली. "पिशवी काढाची नाही असा बोलले होते तुमी. मंग हा का लिहिला? पोरीले मी माहेरी धाडून देली."

ताईनं फाईल काढली, ऑपरेशनची नोंद पाहिली अन् मॅडमकडं गेली. मॅडम स्वतः खाली आल्या, हात जोडून माफी मागितली, नवीन कार्डावर सही केली. पारबताबाईनं ते हातात घेतलंच नाही.

"आधीचा बी तुमीच लिहिला होता," ती म्हणाली.

ताई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." अन् दुसऱ्या दिवशी मले घेऊन एकोडीच्या बसमध्ये बसली. मॅडमले विचारून ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स सोबत घेतली. रंजनाले फोन करून बोलावलं होतं. ती बापासोबत आली अन् पारबताबाईच्या ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहिली.

ताईनं सारखं 'पिशवी आहे, पिशवी आहे' केलं नाही. नुसतं वाचत गेली, एकेक ओळ. पोट उघडलं. पिशवीच्या भिंतीत गोया दिसला. भिंतीले चिरा देला, गोया सोडवून काढला. मंग भिंत थरावर थर शिवून घेतली...

"थांबा," पारबताबाई म्हणाली. "भिंत शिवली?"

"हो."

"पिशवी काढून टाकली असती त शिवाले का उरला होता?"

पारबताबाईनं स्वतःच झेरॉक्सकडं पाहिलं, मग रंजनाकडं. "उभी काहून आहेस? बस. चाय मांड म्हणत नाही मी अजून."

रंजना बसली. हळूच म्हणाली, "ताई, ते शिवल्याचं आणखी एकदा वाचा ना."

ताईनं वाचलं. मग मी मॅडमच्या आवाजात "टाके जपा बघा हं, वजन उचलायचं नाही" केलं, तेव्हा पारबताबाईच पहिले हसली. परतताना बसमध्ये ताई म्हणाली, "आज नक्कल बरी होती." तेवढीच तारीफ, पण माझ्याजवळ आहे.

मागच्या आठवड्यात पारबताबाई दवाखान्यात आली होती, गावच्या एका बाईले सुट्टी करून न्यायले. तिचंही गोयाचंच ऑपरेशन झालेलं. ताई गेल्याचं मी सांगितलं. तिनं ताईच्या खुर्चीले हात जोडले. "रंजना कशी आहे?" मी विचारलं. "मस्त आहे. माह्यावरच खेकसते आता," ती म्हणाली, खुश होऊन.

मग मी त्या बाईचं कार्ड वाचायले घेतलं. अर्धं झालं अन् ती बाई उठली, बस सुटेल म्हणून. पारबताबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"गप बस," ती म्हणाली. "टाके कुठी घातले ते आयकून घे."