पुलापलीकडची फॅमिली रूम

माझं लग्न ठरलं तेव्हा दहावीची परीक्षा महिनाभरावर आली होती. नवरा मुलगा माझ्या मामाच्या वयाचा होता, त्याची पहिली बायको माहेरी निघून गेलेली. लग्न होळीच्या आधी उरकायचं ठरलं, म्हणजे परीक्षेच्याही आधी. परीक्षा तरी होऊ द्या, असं मी बाबांना म्हणाले. ते पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवत होते. वर न बघता म्हणाले, "आपल्यात मुहूर्त नाई पाह्यत. मंग थांबायचं काऊन?"

घाईचं कारण माझी मोठी बहीण होती.

रोहण्यात आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. बाबा पेटी वाजवायचे आणि ताई गायची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून तिच्यासाठी बैलबंडी यायची. ती कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षी एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या पार्टीत निघून गेली. घरी सांगितलं असतं तर कोणी जाऊ दिलं नसतं, हे तिला माहीत होतं. दोन वर्षं तिचा पत्ता नव्हता.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. ज्याला प्यायची असेल तो पुलगावपर्यंत जायचा आणि वर्धा नदीचा पूल ओलांडायचा, पलीकडे जिल्हा बदलतो. तिथल्या एका लॉजच्या परमिट रूममध्ये शनिवारी गाणं असतं आणि गाणारी कोण आहे, हे सांगायला गावातला एक जण दळणाचा डबा घेऊन मुद्दाम आमच्या गिरणीत आला. दळणाला आलेल्या बायकांसमोर त्यानं सांगितलं. बाबांनी त्याचं दळण दळून दिलं, पीठ डब्यात भरून दिलं आणि गिरणी बंद केली. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही आणि माझ्यासाठी स्थळं बघायला लागले.

आता या लग्नातून मला ताईच सोडवू शकते, असं माझ्या डोक्यात बसलं. कशी, ते मला सांगता आलं नसतं. तिच्याजवळ राहीन, तिथूनच परीक्षेला जाईन, एवढंच मी ठरवलं होतं. रात्री अंथरुणात पडल्यावर छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. मायजवळ रडले तर ती म्हणाली, "बाई, बापाचं तोंड पाह्य एकदा. किती वाळलं."

मी माझ्या वर्गमैत्रिणीला सांगितलं. ती गावातल्या चांगल्या शेतकऱ्याची मुलगी, तीन भावांवर झालेली, लाडाची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येतो तुह्यासंगं."

"तू काऊन?"

"भाऊ सांगत होता, तिथी लाल-निळे दिवे असतात, ड्रम असतो. मले पाह्यचं हाये. आन तू एकटी कशी जाशीन?"

शनिवारी परीक्षेचं सेंटर बघून येतो असं घरी सांगून आम्ही दुपारच्या नॅरोगेजच्या लहान गाडीनं पुलगावला गेलो. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असं मैत्रीण धरून होती. पुलगावहून बसनं नदी ओलांडली. मैत्रिणीनं पिशवीत आणलेली चांगली ओढणी बसमध्येच काढून अंगावर घेतली. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी ताईला पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात म्हणत होते.

लॉजच्या दारात खाकी कपड्यातला म्हातारा वॉचमन होता. "पोरीहो, येथी तुमचं काम नाई. घरी जा."

"माही बहीण येथी गाते," मी म्हणाले.

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आम्ही दोघी बहिणी दिसायला सारख्याच. तो आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. ती आता गायला उभी आहे, तासाभरानं सुटेल, असं म्हणाला. आम्ही बाहेर थांबतो म्हटलं तर त्याला तेही नको होतं. "दो लडकियाँ दरवाजे पे? लोग क्या बोलेंगे? आत बसा, फॅमिली रूममध्ये."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या फळ्या लावून केलेली खोपटी. टेबल, चार खुर्च्या आणि दाराला पडदा. पोऱ्यानं दोन ग्लास लाल सरबत आणून ठेवलं. मी ते प्यायले नाही.

मैत्रिणीनं पडदा बोटभर सरकवला. मग हातभर. दिवे खरंच लाल-निळे होते. लहानशा चौथऱ्यावर एक ड्रमवाला, एक ऑर्गनवाला आणि मधे ताई. अंगावर चमकीची साडी होती, ओठ रंगवलेले. टेबलांवरून चिठ्ठ्या येत होत्या, तसं ती गाणं म्हणत होती. प्रत्येक चिठ्ठी घेताना हसत होती. ते हसणं मी घरी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र तोच होता, बाबांनी पहाटे उठवून घासून घेतलेला. लांब ओळीच्या शेवटी ती श्वास कुठे चोरणार, हे मला दोन वर्षांनीही आधीच कळत होतं.

"किती मस्त गातेय तुही ताई," मैत्रीण म्हणाली. तिनं चमचा घेऊन टेबलावर ठेका धरला होता. डोळे लकाकत होते. ती तिथे मनापासून रमली होती. ड्रमवाल्यानं जोरात ताल धरला की ती खुर्चीतच डोलायची. मला वाटत होतं, हे गाणं संपावं, पुढचंही संपावं, सगळे दिवे विझावेत आणि ताईनं माझ्यासमोर बसावं. संध्याकाळची गाडी तोवर सुटली असणार, हे मला कळत होतं. मी मैत्रिणीला ते सांगितलं नाही, कारण मला परत जायचंच नव्हतं.

तेवढ्यात पडदा पूर्ण बाजूला झाला. टेरिकॉटचा शर्ट घातलेला एक पोक्त माणूस आत डोकावला. तोंडाला वास होता. मैत्रिणीचा ठेका त्यानं बाहेरून पाहिला असावा. "इथी काऊन बसली? बाहेर चाल ना, गानं म्हन," असं म्हणत त्यानं तिचं मनगट धरलं.

ती आधी हसली. तिला तो तिथल्या गमतीचाच भाग वाटला. मग तिनं हात ओढून पाहिला आणि तो सुटला नाही. तिचं हसू गेलं. मी त्याची बाही धरून नुसती ओढत राहिले.

गाणं मधेच थांबलं. ड्रम थोडा वेळ एकटाच वाजला आणि तोही थांबला. ताई टेबलांमधून चालत आली, त्या माणसाची बोटं तिनं एकेक करून मनगटावरून उचलली आणि हात बाजूला ढकलला.

मॅनेजर धावत आला. "बाई, गिऱ्हाईक है."

"ह्या माह्या बहिणी हायेत. शाळेत जातात."

"तो यहाँ क्यों आयी?"

"ते मी त्याईले इचारीन."

"जा, गा. मैं देखता हूँ."

"आता नाई गात," ताई म्हणाली. एवढंच. मॅनेजर म्हणाला, मग उद्यापासूनही येऊ नको, खोलीही खाली कर. ती वर गेली आणि एक पिशवी घेऊन खाली आली.

बसथांब्यावर मी तिचे हात धरले. पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना. "मले तुह्याजवळ ठेव. ते माह्यं लगन करून राह्यले. मी मरीन तिथी."

"ठेवू कुठी?" ती म्हणाली. "तुह्या डोळ्यानं पाह्यलं ना आता?" मग ती रस्त्यावरच बसली आणि चमकीच्या पदरात तोंड घालून रडली. माझी मैत्रीण मनगट चोळत आमच्यापासून जरा दूर उभी होती.

आम्ही तिघी रात्रभर पुलगाव स्टेशनवर बसून राहिलो आणि सकाळच्या गाडीनं रोहण्याला उतरलो. फलाटावर मैत्रिणीचे वडील आणि भाऊ होते. वडिलांनी तिला दंडाला धरलं आणि घेऊन गेले. तिनं वळून पाहिलं, पण भाऊ मधे आला.

आमच्या घरी मायनं ताईला पाहून दाराची चौकट धरली. बाबा बाहेर आले. ताई म्हणाली, "बाबा, हिचं लगन परीक्षेनंतर करा. मी आता येथीच राह्यतो."

"लोकाईले काय सांगू मी?" असं बाबांनी विचारलं. ते आम्हाला विचारत होते की स्वतःला, ते मला तेव्हा कळलं नाही. मग ते गिरणीत गेले.

लोकांना काही सांगावं लागलं नाही. आठवड्याच्या आत मुलाकडून निरोप आला, की बारमध्ये रात्र काढलेली मुलगी आम्हाला नको. माय दिवसभर रडली. मी गुरांच्या कोठ्यात जाऊन बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मी परीक्षा दिली, पास झाले, पुढे नर्सिंगला गेले.

मैत्रीण परीक्षेला आली नाही. तिची जागा रिकामी राहिली. तिच्या वडिलांनी होळीच्या आधीच तिचं लग्न लावून दिलं, तिकडे गिरडच्या बाजूला. जे माझ्यावर येणार होतं ते तिच्यावर गेलं. ती तर सोबतीला आली होती.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात मी तिला भेटायला गेले. ती अंगणात तुरी पाखडत होती, पाठीशी मूल बिलगलेलं. सासू आत होती म्हणून ती हळू बोलत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मले तिथी लई आवडलं होतं गं. तो मानूस येईपर्यंत."

मग तिनं विचारलं,

"ताई गाते का आता?"

"नाई. अंगणवाडीत लागली. पोराईले कविता शिकवते, तेवढंच."

तिनं सूप खाली ठेवलं, मुलाला कडेवर घेतलं आणि मला चहा घेतेस का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.