दीडपट

आमच्या सोलापुरात जुना रॉक बँड आहे म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. हसू देत! कॉलेजात असल्यापासून मी त्यांचा भक्त. आता गाणाऱ्याचे केस पिकलेत, ड्रमवाला गुडघ्याला पट्टा बांधून बसतो, आणि आम्ही ऐकणारे सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यावर पोटं सांभाळत भांडतो.

परवा गाणाऱ्यानं नवं गाणं म्हणून आमच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. घशाच्या ऑपरेशननंतरचं त्याचं हे पहिलंच गाणं. खाली लिहिलं होतं, 'खरं सांगा. जमत नसंल तर थांबतो.'

गाड्यावर नुसता कालवा. एकजण म्हणाला, "ह्या टायमाला पण संथच की बे. भजनी मंडळ काढा म्हणावं."

मी उसळलो. "संथ? कान धुऊन ये आधी! पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं पळतंय गाणं. या वयात पोरासोरांची बरोबरी करायला निघालेत."

सगळे मलाच येड्यात काढायला लागले. माझं डोकं फिरलं. तिथंच ग्रुपवर लिहून टाकलं, 'घाई करून गाण्याचं वाटोळं केलंत.' लगेच त्याचं उत्तर आलं, 'तू म्हणतोस तर कमी करतो.' ते मी सगळ्यांना नाचवून दाखवलं.

रविवारी जुळे सोलापुरात त्याच्या घरी तालीम होती. त्यानं गाणं आणखी संथ केलं होतं, माझ्यासाठी. प्रत्येक ओळ लांबायची आणि ती संपायच्या आत त्याचा दम संपायचा. थांबायचा, पाणी प्यायचा, परत सुरू करायचा. शेवटी त्यानं गिटार खाली ठेवली. "न्हाय पुरत दम. आता बास करू."

वहिनींनी पहिलं रेकॉर्डिंग त्यांच्या फोनवर लावलं. "ह्याच्यात काय वाईट होतं, भावजी?"

हे गाणं मी ऐकलेलंच नव्हतं. निवांत, मोकळं. घाई कुठंच नाही. मी माझा फोन काढून लावला, तर तेच गाणं पळायला लागलं. अक्कलकोटची माझी ताई लांबच्या लांब व्हॉइस मेसेज पाठवते. ते लवकर उरकावेत म्हणून मी वेग दीडपट करून ठेवलेला, आणि तो तसाच राहिलेला. याचं गाणंही मी तसंच उरकलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं सगळं.

"काय येडा हाय बे हा!" म्हणत ड्रमवाला मांडीवर थापा मारायला लागला. गाणारा तर ठसका लागेपर्यंत हसला. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा.

मग त्यानं तोंड पुसलं आणि साधंच विचारलं, "आन् ऑपरेशनच्या आधीची दोन गाणी? ती तरी नीट ऐकलास का?"

तीही व्हॉइस मेसेजनंच आली होती. तेव्हा मी लिहिलं होतं, 'जोश अजून तोच! तू थांबायचं नाहीस.'

वहिनी फोन बंद करत हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात नर्सला सुद्धा दाखवत होते ते तुमचा मेसेज."