अक्कांच्या खोलीबाहेर

वत्सलाअक्का गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर कळवलं, तेव्हा मी बंगळूरला के. आर. पुरमच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. सकाळी कॉफी घेतली, खुर्चीत टेकल्या आणि गेल्या, एवढंच तो म्हणाला. मी 'बरं' म्हटलं आणि पेपरची घडी घातली. रडू वगैरे आलं नाही. खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो त्यांच्याविषयी नव्हताच. आता मीराचं कुणाला विचारायचं, हा होता. मीरा माझी नात, सोळा वर्षांची. दोन महिन्यांपासून ती कॉलेजला जात नव्हती, भरल्या ताटावरून उठायची, दार लावून पडून राहायची. पंधराच दिवसांपूर्वी बनशंकरीला अक्कांना भेटायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी तिची चौकशी केली होती. "परीक्षेचं टेन्शन आहे, दुसरं काही नाही," मी म्हणालो. अक्कांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, हे तुम्ही बोलताय, की ती बोलतेय?" मला राग आला. मी विषय बदलला आणि थोड्या वेळानं निघालो... तीच शेवटची भेट.

असं विचारायचा हक्क त्यांना होता. तो कसा मिळाला, ते सांगायला वीसेक वर्षं मागं जावं लागेल. आम्ही दोघं एका सरकारी इस्पितळात नोकरीला होतो. मी निपाणीकडचा, केसपेपर आणि नोंदी सांभाळणारा कारकून. अक्का मानसोपचार विभागात समुपदेशक. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. मी त्यावरून चिडवायचो. "तुमची मराठी पुस्तकातली, आमची स्वैपाकघरातली, सरी?" असं म्हणून त्या मला उडवून लावायच्या. हे 'सरी', म्हणजे 'बरं', त्यांच्या तोंडी सतत असायचं. त्या काळी मुलांचा विभाग म्हणजे मोठ्यांच्या विभागात कोपऱ्याला लावलेलं एक टेबल. आईबाप बोलायचे, डॉक्टर लिहून घ्यायचे आणि मूल शेजारी नखं खात उभं असायचं. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

एक दिवस आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. त्यांचा गलाईचा धंदा, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा. सांगलीकडची बरीच मंडळी या धंद्यापायी इकडे आलेली आहेत. मुलगी इतकी वर्षं गावी आजीजवळ वाढलेली, नुकतीच बंगळूरला आणलेली. तिला कन्नडचा गंध नाही. डॉक्टरांना मराठी येत नव्हती आणि अक्का जागेवर नव्हत्या, म्हणून त्यांनी मला नोंदणीच्या खिडकीवरून बोलावून घेतलं. बाप शेजारीच उभा. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "बोल बाळ, काय होतंय?" मुलीनं खाली बघत सांगितलं, "काका, मला झोपल्यावर परत उठूच नये असं वाटतंय." मी बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. गणपतीत आम्ही एका पंगतीला बसलेलो, उद्या पोरीचं लग्न व्हायचं, आपल्या लोकांत बभ्रा झाला तर... एवढं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि मी डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितलं, तिला झोप नीट लागत नाही, असं म्हणतेय. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. झोपेची तक्रार.

अक्का एव्हाना परत येऊन पलीकडे काहीतरी लिहीत बसल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, ती तसं म्हणाली नाही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, आणि मुलगी जे बोलली होती ते जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं. मग बापाला नम्रपणे बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या, "अण्णा, तुम्ही पण." मुलीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. ती सावरली, एवढं मला कळलं. त्यापलीकडे अक्कांनी मला कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी मात्र आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मी त्या घराची अब्रू वाचवत होतो, असंच माझं म्हणणं होतं. पोरीचा जीव जाऊ शकला असता, हे कळायला मला आठवडा लागला, आणि कळल्यावर मात्र मला माझी भयंकर लाज वाटली.

त्यानंतर अक्कांनी जो ध्यास घेतला तो निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. मूल आधी एकटं बोलणार, घरचे मागाहून. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर सर्वांत वर. मधे दुभाषा लागला तर तो नात्यातला किंवा ओळखीचा नको. आज हे वाचताना साधं वाटतं. तेव्हा पालक भांडायला उठायचे, "आमच्या पोराला आमच्या पाठीमागं काय विचारता?" वरिष्ठ म्हणायचे, बाहेर ही गर्दी, वेळ कुठला? आणि मुलांसाठी वेगळी खोली मागितली तर ती नेमकी माझ्या ताब्यातली निघाली, जुन्या नोंदवह्यांनी छतापर्यंत भरलेली. मी आढेवेढे घेतले, चांगले चार महिने घेतले. शेवटी एका दुपारी अक्का पदर खोचून आल्या आणि स्वतःच वह्या उपसायला लागल्या. मग मला उठावंच लागलं.

अक्का काही गोड स्वभावाच्या नव्हत्या. बैठकीत दुसऱ्याचं बोलणं तोडायच्या, बदली झालेल्या डॉक्टरांना निरोप द्यायला जायच्या नाहीत, कौतुक केलं की चिडायच्या. मुलांचं ऐकणाऱ्या या बाई मोठ्यांचं फारसं ऐकून घेत नसत. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी त्यांचा निरोप समारंभही धड झाला नाही.

त्यांच्या तेराव्याहून परतल्यावर मी मीराच्या दारावर टकटक केली. चल म्हणालो नाही, इस्पितळात येतेस का विचारलं. आतून कडी काढल्याचा आवाज आला. मग, "सरी, येते."

इस्पितळात आता मुलांचा विभाग वेगळा आहे, पण खोली तीच. अक्कांच्या जागी एक तरुण बाई आहेत. मला त्या ओळखत नाहीत. मी वाटेत चार-पाच वाक्यं नीट जुळवून ठेवली होती. अभ्यासाचा ताण, मोबाइल, मैत्रिणीशी भांडण. पहिलं वाक्य अर्ध्यावर असतानाच बाई हसून म्हणाल्या, "अज्जा, स्वल्प बाहेर बसता? आधी ती बोलू दे." आणि दार लावून घेतलं. हा नियम कुणामुळे झाला, हे त्यांना कुठून माहीत असणार? बाहेरच्या बाकावर मी पाऊण तास बसून होतो. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एकदा मीराच्या रडण्याचा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो, मग पुन्हा बसलो.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काय बोललीस, हे मी विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं. आम्ही गेटकडे चालू लागलो.

"सोमवारी परत बोलावलंय," ती म्हणाली.

"मी येऊ?"

तिनं डोळे पुसले.

"ये, आज्जा. पण बाहेरच बस."